सराव कळणा-मैत्री

मरणाच्या आदल्या दिवशी सुभेदार कौतिक पाटील विजेच्या खांबाशी रस्सीखेच खेळत होते, आणि खांब जिंकत होता.

हेमांगी जळगावहून एरंडोलला उतरून, रिक्षाने गावापर्यंत येऊन शेताच्या वाटेला लागली तेव्हा तिला हे दुरूनच दिसलं. खांबाला जाडजूड दोर बांधलेला, त्याचं दुसरं टोक आबांच्या कमरेला, आणि टाचा मातीत रोवून मागे कललेले आबा. बाजूला बाजेवर आई शेंगा फोडत बसली होती. तिचा चेहरा खांबाच्या बाजूने होता.

"निरीक्षक आले," आबा म्हणाले आणि सलाम ठोकायला पुढे झाले. कमरेचा दोर सोडायचं राहून गेलं होतं. दोन पावलांवर दोराने त्यांना खाली बसवलं.

"आबा, लागलं का?"

"सरावात लागत नाही. वांगी आणलीस?"

"आणली."

"हिरवी?"

"हिरवी, काटेरी, मोठी. जळगावच्या बाजारात अर्धा तास निवडत होते."

"देठ?"

"देठासकट आहेत हो."

"असं नाही म्हणायचं," आबा धूळ झटकत म्हणाले. "मी 'देठ?' म्हटलं की तू म्हणायचं, 'भाजताना ठेवायचा.' हा यंदाचा परवलीचा शब्द."

"शब्द कुठे आहे, वाक्य आहे ते."

"सोपं ठेवलं की शत्रू ओळखतो."

शत्रू म्हणजे रानडुकरं. हेमांगीने आईकडे पाहिलं. कमलबाईने एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि टरफल नवऱ्याच्या दिशेने फेकलं.

पाटलांचं शेत लोटननानांच्या शेताच्या मागे आहे. मुख्य रस्त्यावरून तिकडे जायचं तर लोटननानांच्या बांधावरूनच जावं लागतं. दुसऱ्या बाजूला नाला आहे, आणि नाला कुणाचं ऐकत नाही. या वाटेवरून दोन्ही घरांच्या आधीच्या पिढीने काठ्या चालवल्या होत्या. आबांच्या वडिलांचं आणि लोटननानांच्या वडिलांचं डोकं एकाच दिवशी, एकाच डॉक्टरने, शेजारशेजारच्या खाटांवर शिवलं होतं. टाके घालतानाही दोघांचा वाद चालूच होता, असं गावात सांगतात.

मग आबा फौजेतून निवृत्त होऊन आले. नोकरीच्या उत्तरार्धात त्यांची तुकडी सेशेल्सला गेली होती. हिंदी महासागरातला हा बेटांचा देश; तिथल्या सैन्याबरोबर आपल्या सैन्याचा संयुक्त सराव असतो. खानदेशातल्या कापसाच्या वावरातून थेट निळ्या समुद्रात. आबांना तिथे दोन गोष्टी भावल्या. एक, तिथलं कासव, ज्याच्यावर माणूस बसू शकतो. दुसरी, सरावाची कल्पना.

"बघ," ते हेमांगीला समजावत. "आपलं जहाज तिथल्या बंदरात थांबतं. पाणी भरतं, डिझेल घेतं. कुणी अडवत नाही. का? आम्ही काय लढून घेतलं का बंदर? नाही. आम्ही त्यांच्यासोबत पळालो, दोर ओढला, एका पातेल्यातलं जेवलो. सोबत पळणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही, इकडून का जातोयस."

हेमांगी जळगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. तिने या विषयावरची जाडजूड पुस्तकं कपाटात लावली होती आणि त्यातली बरीचशी वाचलीही होती.

"आबा, त्याला मैत्री नाही म्हणत. मोठ्या देशांना तिथे पाय ठेवायला जागा हवी असते. दुसरा मोठा देश येण्याआधी आपण जायचं. सराव हे निमित्त."

"मग? जागाही मिळाली, मैत्रीही झाली. तू लग्नाला जातेस ती फक्त अक्षता टाकायला का? जेवून येतेसच ना?"

यावर तिने पुस्तक उघडलं होतं.

तर आबांनी गावी येऊन पहिलं काम केलं ते लोटननानांना संयुक्त सरावाचं निमंत्रण देण्याचं. रस्त्याचा शब्दही काढला नाही. दोन्ही घरांचा खरा शत्रू एकच, डुक्कर. तेव्हा त्याच्याविरुद्ध एकत्र सराव करू, असं सांगितलं. लोटननाना आधी हसले, मग डुकरांनी त्यांचा मका लोळवला, मग आले. तेव्हापासून दर हिवाळ्यात एका रविवारी सराव होई. त्याचं नाव 'कळणा-मैत्री', कारण शेवटी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत असे. सकाळी ध्वजारोहण व्हायचं. ध्वज म्हणजे दोन घरांचे दोन टॉवेल, एका काठीवर. मग डबे वाजवत डुकरांवर चाल. ही चाल दरवर्षी नेमकी वादाच्या वाटेवरून जाई. मग रस्सीखेच. मग भरीत.

हेमांगीचं पद निरीक्षकाचं. "तू तटस्थ राष्ट्र," आबांनी ठरवलं होतं. तटस्थ राष्ट्र दरवर्षी बाजेवर पुस्तक घेऊन बसे आणि भाकरी तयार झाल्या की मान वर करी. जेवणं झाल्यावर आबा सावधान उभे राहत आणि म्हणत, "निरीक्षकांचा अहवाल?"

निरीक्षकाने उठून एवढंच म्हणायचं असे, 'सराव यशस्वी झाला.' की सराव संपला.

हेमांगीने ते कधी म्हटलं नाही. पहिल्या वर्षी हसू आलं, दुसऱ्या वर्षी लाज वाटली, आणि पुढे न म्हणणं हीच पद्धत पडली. "काहीतरीच काय आबा," ती म्हणे. आबा थोडा वेळ थांबत आणि सगळ्यांना उद्देशून जाहीर करत, "अहवाल प्रलंबित. विश्राम."

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी हेमांगीला येत्या रविवारची सगळी योजना सांगितली. तिने पुस्तकातून डोकं न काढता "हं" म्हटलं. रात्री त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, खांबाला दोन शिव्या दिल्या आणि झोपले.

सकाळी चहा गार झाला तरी आबा उठले नाहीत.

तेरावं झालं. पाहुणे गेले. वांगी आईने शेजारणींना वाटून टाकली होती. हेमांगीने रजा वाढवली, कारण केळीची बाग काढणीला आली होती आणि सोमवारी ट्रक येणार होता. शनिवारी सकाळी ती वाटेने निघाली तर वाटेवर लोखंडी गेट होतं आणि गेटला कुलूप.

गेटापलीकडे लोटननानांचा मुलगा भूपेंद्र उभा होता. तो पुण्यात कंपनीत होता. आता नोकरी सोडून शेती करायला आला होता आणि शेतात पांढरे बूट घालून फिरायचा.

"ताई, राग मानू नका," तो म्हणाला. "मी मोबाईलवर सगळी हद्द मोजली. इथे रस्ताच नाही. काकांच्या शब्दावर चाललं होतं. आता काका नाहीत, तर रीतसर काहीतरी करायला हवं."

"रीतसर म्हणजे?"

"तहसीलदारांकडे अर्ज करा. ते ठरवतील."

अर्ज करता येतो हे हेमांगीला ठाऊक होतं. सोमवारी ट्रकच्या आत त्याचं काही होणार नाही, हेही ठाऊक होतं. केळी पिकली की झाडावर तडकते. तिला तहसीलदार ठाऊक नसतात. वर्षभराची बाग, आबांनी स्वतः पाणी दिलेली.

ती घरी आली. ओट्यावर बसली. मग म्हणाली, "आई, उद्या रविवार आहे. सराव घेऊ."

कमलबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "माणूस जाईसन महिना नही व्हयना आनि तू पार्टी करस?"

"पार्टी नाही. सराव. आबा म्हणायचे, सराव हा सण नाही, ती ड्युटी आहे."

आईने उठून उतरंडीतलं उडदाचं मडकं खाली घेतलं.

"तुना बाप येडा व्हता," ती म्हणाली, "आते तूबी."

लोटननाना निमंत्रणाला नाही म्हणाले नाहीत. भूपेंद्रला त्यांनी दंडाला धरून आणलं. सोबत धुरपदाकाकू, म्हणजे लोटननानांची बायको, आणि दोन-चार पुतणे. रविवारी सकाळी दोन टॉवेल काठीवर चढले. लोटननानांनी टोपी काढली. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी टाकली गेली, देठासकट.

हेमांगीने आबांची शिट्टी गळ्यात अडकवली होती. ती वाजवताना तिला फार विचित्र वाटलं, पण वाजली छान.

"रस्सीखेच," तिने जाहीर केलं. "या बाजूला नानांचं घर. त्या बाजूला आमचं. दोर वाटेवर आडवा. मी मोजते."

लोटननानांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दोन्ही घरं समोरासमोर उभी राहिली. पाटलांच्या बाजूला कमलबाई, आबांचे दोन पुतणे आणि शेतावरची सालदार कामिनीबाई. समोर नाना, काकू, भूपेंद्र, त्याचे चुलत भाऊ. शेजारीच कुलूपबंद गेट.

दोर ताणला गेला. आधी हसू होतं. मग कुणीतरी दात-ओठ खाल्ले. मग एका चुलत भावाच्या तोंडून निघालं, "खेचा, गेट बंदच राहिलं पाहिजे." त्यावर आबांचा पुतण्या म्हणाला, "तुझ्या आज्याचं डोकं कुणी फोडलं होतं विसरला का?" चुलत भाऊ म्हणाला, "फोडणाऱ्याचंही फुटलं होतं." मग दोघांनी मिळून दोर सोडला आणि एकमेकांची कॉलर धरली. दोर अचानक सुटल्याने कमलबाई वांग्यांच्या टोपलीत बसली. कामिनीबाईने तिला उठवायचं सोडून भूपेंद्रचा पांढरा बूट ओढून काढला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. हेमांगी शिट्टी वाजवत राहिली.

"थांबा," लोटननाना म्हणाले. ते मोठ्याने बोलत नसत, म्हणून सगळे थांबले.

ते हेमांगीजवळ आले.

"पोरी, तू दर साल त्या बाजवर बठे ना?"

"हो नाना."

"मंग तुले दिखनं नही? कौतिकभाऊनी आम्हले कधी समोरासमोर उभं करं नही. मी त्याना बाजूले, तो मना बाजूले. तुनी माय आम्हनाकडे, मनी बायको तुम्हनाकडे. कोन जिंकनं ते कोनलेच कळे नही."

हेमांगीच्या गळ्यातली शिट्टी हलायची थांबली. इतकी वर्षं ती निरीक्षक होती. तिला भाकरी दिसल्या होत्या, पुस्तकातली पानं दिसली होती. माणसं कुठल्या बाजूला उभी राहतात ते दिसलं नव्हतं.

"मला वाटलं..." ती म्हणाली.

"तू वाचत व्हती," नाना म्हणाले. रागाने नाही, हवामान सांगावं तसं.

मग बाजू पुन्हा पाडल्या. हेमांगी नानांच्या मागे गेली. भूपेंद्र, एका पायात बूट, कमलबाईच्या पुढे आला. धुरपदाकाकू पाटलांकडे. दोर उचलताना कमलबाईने भूपेंद्रच्या पाठीत थाप घातली. "पुणाले काय खास रे तू? पाठना हाडं लागतस हातले."

"काकू, डाएट आहे."

"मरू दे ते. जोर लाव."

दुसरी रस्सीखेच रंगली. कोण कुणाला ओढतंय हे खरोखरच कळेना. नाना आपल्या बायकोला हरवायला निघाले होते आणि तिला ते मुळीच मान्य नव्हतं. दोर एकदा इकडे, एकदा तिकडे. गेटला धक्का लागून ते करकरलं.

आणि केळीच्या बागेतून डुक्कर बाहेर आलं.

सरावाच्या इतक्या वर्षांत शत्रू कधी आला नव्हता. डबे वाजवले की तो दोन शिवारं पलीकडे जायचा. यंदा गडबडीत डबे वाजवायचं राहूनच गेलं होतं. डुक्कर चांगलं म्हशीच्या रेडकाएवढं होतं. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि संयुक्त दलं दहा दिशांना पांगली.

नाना बाजेवर चढले. त्यांच्यामागे काकू. कामिनीबाई बूट घेऊन झाडावर. हेमांगी कशी कोण जाणे विजेच्या खांबाला मिठी मारून उभी होती. कमलबाई सगळ्यात हुशार. तिने गेट ओलांडून थेट पाण्याच्या मोटारीची खोली गाठली आणि आतून कडी लावली. शिवारातला एकमेव पक्का आडोसा तोच होता, पाटलांच्या शेतात, वाटेच्या पलीकडच्या टोकाला.

भूपेंद्रही तिकडेच धावला. स्वतःच्या गेटावरून उडी मारून, त्याच वाटेने, एका बुटावर.

"काकू, दार उघडा."

आतून आवाज आला. "देठ?"

"काय?"

"देठ?"

"काकू, डुक्कर आहे इथे."

"ते माले माहीत शे. देठ?"

भूपेंद्रने मागे पाहिलं. डुक्कर संथपणे त्याच्या दिशेने निघालं होतं. त्याला घाई नव्हती. "काकू, मी भूपेंद्र. मी लोटनचा पोरगा."

"वळखस मी तुले. पन आबानी सांगेल शे, शब्दबिगर कोनले घेवानं नही."

खांबाला चिकटूनच हेमांगी ओरडली, "भाजताना ठेवायचा."

"काय ठेवायचा?" भूपेंद्र.

"देठ. म्हण ना. भाजताना ठेवायचा."

"भाजताना ठेवायचा," भूपेंद्र दारावर कपाळ टेकवून म्हणाला. "काकू, भाजताना ठेवायचा, भाजताना ठेवायचा."

"येकदाच म्हनवानं ऱ्हास," कमलबाई म्हणाली आणि कडी काढली.

डुकराने बंद दाराकडे पाहिलं, ते कंटाळलं आणि वळून स्वयंपाकाकडे गेलं. तिथे एक पातेलं भरीत तयार होतं. त्याने तोंड घातलं. त्या भरतात धुरपदाकाकूंनी हिरवी मिरची घातली होती, आणि काकूंचा मिरचीचा हात पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. डुक्कर क्षणभर स्तब्ध उभं राहिलं. मग त्याने असा काही आवाज काढला की झाडावरून बूट खाली पडला, आणि ते नाल्याच्या दिशेने जे सुटलं ते परत दिसलं नाही.

"पळना," काकू बाजेवरून म्हणाल्या. "काय लोके शेत, मिरची जास्त व्हयनी म्हनतस मले."

वांगी अजून शिल्लक होती. दुसरं भरीत झालं. सगळे एका ओळीत बसले. कुणाच्या शेजारी कोण, हे कुणी ठरवलं नाही. भूपेंद्रने तीन भाकरी खाल्ल्या. कमलबाईने चौथी न विचारता वाढली.

"काकू," तो खाली मान घालून म्हणाला, "गेट राहू द्या. ढोरं शिरतात. कुलूप काढतो."

"कुलूप ऱ्हाऊ दे," कमलबाई म्हणाली. "चाबी मनाकडे एक दे. आनि उद्याना गाडीवालाले शब्द सांग."

"ट्रक पंजाबचा आहे काकू. त्याला मराठी नाही येणार."

"मंग शिकाड. सोपं शे."

लोटननाना हसले. मग हसू ओसरल्यावर हेमांगीला हळूच म्हणाले, "पोरी, माले काय समजे नही का? रस्तासाठेच व्हतं ते बठ्ठं. पहिला दिनपासून माहीत व्हतं." त्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा मोडला. "पन दर साल माले दुसरं कोन बलावस?"

पुस्तकांमध्ये हे कुठल्या प्रकरणात येतं, ते हेमांगीला आठवत नव्हतं.

भांडी गोळा झाली. काठीवरचे दोन टॉवेल उतरवायचे होते. भूपेंद्र उठला, पण नानांनी त्याला हाताने थांबवलं. ते स्वतः उभे राहिले, टोपी नीट केली, पाठ होईल तेवढी सरळ केली.

"निरीक्षकबाई," ते म्हणाले, "अहवाल बाकी शे."

सगळ्यांनी हेमांगीकडे पाहिलं. आईनेही. बाज रिकामी होती. खांबाला आबांचा दोर अजून बांधलेला होता. तो सोडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

हेमांगी उठली. खांबाकडे तोंड करून सावधान उभी राहिली. हात कुठे ठेवायचे ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने ते बाजूला सरळ सोडले.

"सराव यशस्वी झाला," ती मोठ्याने म्हणाली.

तिने श्वास घेतला.

"आबा, दरवर्षी झाला होता."